लघुग्रहांचे वर्णपटीय वर्गीकरण

लघुग्रहाने परावर्तित केलेल्या सूर्यप्रकाशाचा वर्णपट आणि त्याच्या पृष्ठाची परावर्तनक्षमता यांवरून पाडलेले वर्ग. पायरोक्सीन, ऑलिव्हीन यांसारखी खनिजे १ मायक्रोमीटरच्या आसपासचा निकट अवरक्त प्रकाश शोषतात; त्या शोषणपट्ट्याचे स्थान व खोली यांवरून खनिज ओळखता येते. १९७० मध्ये टॉमस मॅक्कॉर्ड व सहकाऱ्यांनी व्हेस्टा या लघुग्रहाच्या वर्णपटाचे बेसाल्टी अशनींशी साम्य दाखविले, तेथून या अभ्यासाचा आरंभ धरण्याची प्रथा आहे. बोब्रोव्हनिकॉफ यांनी १९२९ मध्येच लघुग्रहांचे वर्णपट घेतले होते, हे मात्र विसरू नये.

चॅपमन, मॉरिसन व झेलनर यांनी १९७५ मध्ये काळसर सी व उजळ एस हे मुख्य वर्ग मांडले. थोलन यांचे (१९८४) १४ वर्ग, बस व बिन्झेल यांचे (२००२) २६ आणि डिमिओ व सहकाऱ्यांचे (२००९) २४.

खरा वाद एस वर्गाचा : सर्वाधिक पडणारे अशनी याच वर्गातून येतात का? पृथ्वीवर पडताना पाहिलेल्या अशनींपैकी सुमारे ८० टक्के सामान्य कॉन्ड्राइट (न वितळलेले, गोलसर खनिजकणांचे दगडी अशनी) असतात. मात्र त्यांच्याशी नेमका जुळणारा वर्णपट मंगळ व गुरू यांच्यामधील मुख्य लघुग्रहपट्ट्यात सहसा आढळेना. एस लघुग्रहांचा वर्णपट अधिक तांबूस व त्यातील शोषणपट्टा उथळ. मायकेल गॅफी व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एस वर्गाचे सात उपवर्ग पाडले व त्यांपैकी चौथाच कॉन्ड्राइटशी सुसंगत ठरविला. उलट पक्षाने हा फरक अवकाशीय झिजेचा मानला : सौरवात व सूक्ष्म अशनींच्या माऱ्याने खनिजकणांवर लोहाच्या अतिसूक्ष्म कणांचा लेप बसतो व त्याने वर्णपट तांबूस आणि शोषणपट्टा उथळ होतो. ब्रूस हॅपके यांनी चंद्राच्या मातीसाठी सुचविलेली ही कल्पना प्रथम फारशी स्वीकारली गेली नव्हती. गॅलिलिओ यानाला १९९३ मध्ये इडा या एस लघुग्रहावरील ताजी विवरे कमी तांबूस दिसली, तेव्हा तिला बळ मिळाले. हायाबुसा या जपानी यानाने २०१० मध्ये आणलेले इटोकावा या एस लघुग्रहाचे कण एलएल (कमी लोहाच्या) प्रकारच्या सामान्य कॉन्ड्राइटचे निघाले, त्यांवर तसा लेपही सापडला. त्यामुळे झिजेचा पक्ष आज अधिक ग्राह्य वाटतो. तथापि एका लघुग्रहावरून सगळा वर्ग कॉन्ड्राइटी ठरत नाही. गॅफींची सावधगिरी त्या मर्यादेत टिकून आहे. वर्ग हा दिसण्याचा असतो, खनिजघटनेचा नव्हे.

एम वर्ग पूर्वी धातूचा समजत. त्यातील काहींवर जलयुक्त खनिजांच्या खुणा आढळल्याने हे समीकरण सैल झाले आहे. सी वर्गातील र्‍यूगूचे नमुने २०२० मध्ये पृथ्वीवर आले. ते सीआय या कार्बनयुक्त प्रकारच्या कॉन्ड्राइटशी जुळतात.