कोंबडीच्या पायांना रॉकेल लावू नका

कोंबडीच्या पायांचे खवले उचलले, खाली पांढरी भुकटी साठली की कोकणात अजून सल्ला मिळतो: रॉकेलात पाय बुडव. खवल्यांखालचे किडे मरतातही, पण कातडी भाजते, शिवाय चोचीने पाय साफ करताना रॉकेल पोटात जातं.

डोळ्यांना न दिसणारे हे किडे खवल्यांखाली बिळं करतात. त्यांना गुदमरवायला घरचं खोबरेल पुरतं. पाय कोमट साबणपाण्यात 5 मिनिटं भिजवा, मऊ टूथब्रशने वरून खाली घासा (उलटं घासलं तर खवले उपटतात, रक्त येतं, पावसाळ्यात तर चिघळतंच). पुसून फटीफटींत तेल जिरवा. दिवसाआड, 3-4 आठवडे. लागण एकीला दिसली तरी तेल सगळ्यांना लावा आणि खुराड्यातली बसायची दांडी उकळत्या पाण्याने धुवा. वाकडे खवले मात्र पिसं झडण्याच्या हंगामापर्यंत तसेच दिसतील.