दाब उतरला, पण पेशंट परत आला का? काचबिंदूवरच्या संशोधनाची पार्श्वभूमी

मोतीबिंदू पिकला की काढायचा, हे आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांना पाठ झालं आहे. शिबिराची जाहिरात, जीपमधून तालुक्याला नेणं-आणणं, डोळ्यावर पट्टी, मग काळा चष्मा आणि आठवड्याभरात नातवंडांचे चेहरे स्पष्ट. काचबिंदूत, म्हणजे बहुधा डोळ्याच्या आतल्या दाबामुळे डोळ्यामागची नस सुकत जाणाऱ्या आजारात, पिकणं वगैरे काही नसतं. बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेने जाते आणि मधली शेवटपर्यंत शाबूत राहते. त्यामुळे माणूस एकीकडे पेपर वाचत असतो आणि दुसरीकडे त्याचा खांदा दाराच्या चौकटीला आपटत असतो. "जरा धूसर दिसतंय, मोती आला असेल, पिकू दे" असं म्हणत वर्ष-दोन वर्षं घालवून तो दवाखान्यात पोचतो, तोवर डोळ्यामागची नस बरीच सुकलेली असते. मोतीबिंदूने गेलेली नजर परत मिळते, काचबिंदूने गेलेली मिळत नाही. उरली आहे तेवढी टिकवायची, एवढंच उपचाराच्या हातात असतं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन एकदा होतं, काचबिंदूचा उपचार जन्मभर चालतो. संशोधनाचा दीडशे वर्षांहून मोठा इतिहास वाचताना हा फरक सतत डोळ्यांपुढे ठेवावा लागतो, कारण संशोधकांनी तो फार उशिरा मनावर घेतला.

नावापासूनच गोंधळ आहे. सुश्रुतसंहितेत 'काच' हा शब्द तिमिर नावाच्या दृष्टिरोगाच्या एका अवस्थेसाठी येतो, आणि ज्याला आज आपण अचानक दाब वाढून होणारा काचबिंदू म्हणू त्याची लक्षणं 'अधिमंथ' या वेगळ्या नावाखाली सापडतात. ग्रीकांचा 'ग्लॉकोमा' हा शब्दही समुद्राच्या निळसर-हिरव्या रंगावरून आलेला. बाहुलीत तसली झाक दिसली की तो शब्द वापरत. भिंगाचा आजार कुठला आणि दाबाचा कुठला, हे कित्येक शतकं कोणालाच नीट वेगळं करता आलं नव्हतं. करणार तरी कसं? जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत बघायचं साधन १८५१ साली आलं, जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्या ऑफ्थॅल्मोस्कोपमुळे. त्यातून बघितल्यावर नसेच्या टोकाशी खड्डा पडलेला दिसला आणि आजाराचं ठिकाण कळलं.

त्यानंतर सहाच वर्षांनी, १८५७ मध्ये, बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी बुबुळाचा छोटा तुकडा कापून काढला तर काचबिंदूचा झटका आटोक्यात येतो, असं जाहीर केलं. तोवर हा आजार म्हणजे अंधत्वाचा हुकूमच होता. ही शस्त्रक्रिया काही रोग्यांवर जादूसारखी चालायची आणि काहींवर अजिबात नाही. त्याचं कारण उलगडायला पुढे ऐंशी वर्षं लागली. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होत असतं (हे अश्रूंचं पाणी नव्हे) आणि बुबुळाच्या कडेच्या कोनातल्या चाळणीतून ते बाहेर पडतं. काहींचा हा कोनच मिटलेला असतो. काहींचा उघडा असतो, पण चाळणी तुंबलेली असते. हा भेद १९३८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑटो बार्कन यांनी नीट मांडला. ग्रेफेंची शस्त्रक्रिया मिटलेल्या कोनाला लागू पडत होती.

थेंबांची सुरुवात आणखी गमतीची आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या कालाबार भागात आरोप असलेल्या माणसाला एका शेंगेचं विषारी बी खायला घालून तो दोषी की निर्दोष हे ठरवत. या बियांमधल्या द्रव्याने बाहुली आकसते हे कळल्यावर स्ट्रासबर्गच्या लुडविग लाकूर यांनी १८७६ मध्ये ते काचबिंदूवर वापरलं. लाकूर स्वतःही याच आजाराचे रोगी होते. मागोमाग दक्षिण अमेरिकेतल्या एका झुडपातून मिळणारं पिलोकार्पिन आलं आणि शंभर वर्षं टिकलं. दिवसातून चार वेळा थेंब, कपाळात ठणका, आणि संध्याकाळी बाहुली एवढी बारीक की दिव्याखालीही अंधारल्यासारखं.

इथे मद्रासचा संबंध येतो. १८१९ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या सरकारी नेत्ररुग्णालयात रॉबर्ट हेन्री एलियट नावाचे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर अधीक्षक होते. १९०९ मध्ये त्यांनी बारीक गोल पात्याने डोळ्याच्या पांढऱ्या भागाला, पारपटलाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) कडेशी, भोक पाडून पाण्याला कायमची वाट करून देणारी शस्त्रक्रिया सुरू केली. पुढची काही दशकं ती जगभर 'एलियटची ट्रेफाइन' म्हणून चालली. दूरच्या खेड्यातून कसाबसा आलेल्या माणसाला "दिवसातून चार वेळा थेंब घाल आणि दर महिन्याला ये" असं सांगून परत पाठवण्यात काय अर्थ आहे, हे मद्रासच्या त्या बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्याला वेगळं सांगावं लागलं नसेल, असं मला नेहमी वाटतं. एकदाच करायचं आणि पुरायचं, अशी ती कल्पना होती. दोष एवढाच की भोक उघडंच राहायचं आणि कधी कधी वर्षांनंतरही त्यातून जंतुसंसर्ग आत शिरायचा. १९६८ मध्ये केंब्रिजच्या जॉन केर्न्स यांनी त्या भोकावर डोळ्याच्याच पांढऱ्या पडद्याची झडप ठेवायची रीत रूढ केली. आज ज्याला ट्रॅबेक्युलेक्टॉमी म्हणतात ती हीच.

औषधांचं पुढचं पान पटकन उलटता येईल. १९७८ मध्ये टिमोलॉल अमेरिकेत बाजारात आलं आणि चार वेळांचे थेंब दोन वेळांवर आले. १९९६ मध्ये लॅटानोप्रोस्ट आलं आणि ते रात्री एकदाच घालून भागू लागलं.

दाब किती म्हणजे जास्त, हा प्रश्न मात्र सोपा नव्हता. १९०५ मध्ये नॉर्वेच्या श्योट्झ यांचं दाब मोजायचं उपकरण आलं, पन्नासच्या दशकात गोल्डमनचं अधिक अचूक उपकरण आलं. १९५८ मध्ये लायडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत निरोगी माणसांच्या सुमारे २० हजार डोळ्यांचा दाब मोजून सरासरी काढली. त्या सरासरीच्या वर-खाली गणिताने जी मर्यादा येते तिथून २१ (मिलिमीटर पारा) हा आकडा पडला. एकविसाच्या वर काचबिंदू, खाली सगळं ठीक. वैद्यकीय पुस्तकात घर करून बसलेला हा आकडा संख्याशास्त्राने दिलेला होता, नस कितीवर सुकते ते बघून काढलेला नव्हता. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या पाहणीने त्यातली हवा काढली. काचबिंदू असलेल्या निम्म्याहून अधिक डोळ्यांचा दाब पहिल्या तपासणीत २१ किंवा त्याहून कमीच भरला. म्हणजे शिबिरात फक्त दाब मोजून "तुम्हाला काही नाही" असं ज्यांना सांगून पाठवलं, त्यांतल्या काहींना होतं.

त्याच सुमारास डॉक्टरांना आणखी एक चपराक बसली होती. १९८८ मध्ये डेव्हिड एडी आणि जॉन बिलिंग्ज या अमेरिकी अभ्यासकांनी वैद्यकातल्या पुराव्यांच्या दर्जाची छाननी करताना काचबिंदूचंही उदाहरण घेतलं आणि विचारलं, की दाब उतरवल्याने नजर वाचते याचा भक्कम पुरावा कुठे आहे? दाब उतरतो हे शंभर अभ्यासांत होतं. नजर वाचते, हे उपचार घेणारे आणि न घेणारे असे दोन गट करून कोणी नीट दाखवलं नव्हतं. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो. सव्वाशे वर्षं ज्या गृहीतकावर लोकांच्या डोळ्यांना भोकं पाडली, त्याची परीक्षाच झालेली नव्हती.

मग परीक्षा झाल्या. स्वीडनमध्ये माल्मो आणि हेलसिंगबोर्गमधल्या ४४ हजारांवर लोकांची तपासणी करून प्रामुख्याने त्यातून, आजार नव्यानेच सापडलेल्या २५५ जणांना निवडलं. निम्म्यांना लेसर आणि थेंब दिले, बाकीच्यांवर नुसतं लक्ष ठेवलं. २००२ मध्ये निकाल आला: उपचाराच्या गटात ४५ टक्क्यांचा आजार पुढे सरकला, दुसऱ्या गटात ६२ टक्क्यांचा. दाबाचा पारा एका मिलिमीटरने उतरला की धोका सुमारे दहा टक्क्यांनी कमी, हे सूत्र तिथून आलं. त्याच वर्षी अमेरिकेतून १६३६ लोकांचा अभ्यास आला. यांचा दाब वाढलेला होता, पण आजार सुरू झाला नव्हता. पाच वर्षांत थेंब घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना काचबिंदू झाला, न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना. निम्म्याने फरक पडला, हे खरं. पण काहीच न करता नव्वद टक्के लोक पाच वर्षं ठीक राहिले, हेही त्याच आकड्यात आहे. नुसता दाब वाढला म्हणून प्रत्येकाला जन्माचे थेंब लिहून द्यायचे का, हा वाद त्यातून उभा राहिला. आणि औषध नसलेल्या नुसत्या थेंबांशी (प्लासिबोशी) तुलना करून थेंबांनी नजरेचा परीघ टिकतो हे दाखवणारी ब्रिटनमधली ५१६ जणांची चाचणी तर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. लॅटानोप्रोस्ट बाजारात येऊन तेव्हा एकोणीस वर्षं होत आली होती.

आता आपल्याकडे. भारताने १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, असा कार्यक्रम हाती घेणाऱ्या सुरुवातीच्या देशांपैकी आपण एक. त्याच वर्षी मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी अकरा खाटांवर अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केलं. दोघांचंही पहिलं लक्ष्य मोतीबिंदू होतं आणि ते बरोबरच होतं, कारण सर्वाधिक आंधळे त्यामुळेच होत होते. नव्वदच्या दशकात जागतिक बँकेचा पैसा आला तोही त्यासाठीच. सगळी यंत्रणा, म्हणजे शिबिरं, उद्दिष्टं, जिल्हावार आकडे, एकदा येऊन एकदा बरं होऊन जाणाऱ्या रोग्यासाठी घडली. किती ऑपरेशनं झाली हे मोजायची सवय लागली. काचबिंदूचं यश असं मोजताच येत नाही. दहा वर्षांनी माणूस अजून स्वतःच्या पायाने बाजारात जातो की नाही, हा त्याचा आकडा, आणि तो कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आजार किती आहे हेही उशिराच कळलं. वेल्लोर, आंध्र प्रदेश, मदुराईचा परिसर आणि चेन्नई अशा पाहण्या दक्षिणेत आधी झाल्या. महाराष्ट्रात नागपूरजवळच्या आठ गावांत २००६ ते २००९ दरम्यान नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने जर्मन संशोधकांबरोबर घरोघरच्या ४७११ लोकांचे डोळे तपासले. या पाहण्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. वेल्लोरमध्ये मिटलेल्या कोनाचा काचबिंदू भरपूर निघाला, इतरत्र उघड्या कोनाचा जास्त. यात व्याख्येचा भाग मोठा आहे. कोन मिटला असं कधी म्हणायचं यावरच तेव्हा एकमत नव्हतं. २०१० मध्ये चेन्नईच्या संशोधकांनी हे सगळं एकत्र करून चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख भारतीयांना काचबिंदू असावा, असा अंदाज मांडला.

एका बाबतीत मात्र सगळ्या पाहण्यांचं एकमत आहे. आजार असलेल्यांना तो असल्याचं माहीतच नव्हतं. चेन्नईच्या अभ्यासाच्या ग्रामीण भागात उघड्या कोनाचा काचबिंदू ६४ जणांना सापडला. त्यांच्यापैकी आधी निदान झालेला माणूस एक होता. या ६४ जणांमधले कितीतरी जण आधी चष्म्याच्या नंबरासाठी कुठेतरी जाऊन आले असणार. नंबर काढला, पैसे दिले, बाहुली मोठी करून नस कोणी पाहिली नाही.

निदान झाल्यावर दुसरी अडचण सुरू होते. थेंबांची बाटली महिन्याभरात संपते. ती घातल्याने काही बरं वाटत नाही, उलट डोळा लाल होतो. मग हात आखडतो. हा प्रश्न चाचण्यांमध्ये खऱ्या अर्थाने शिरला तो गेल्या दहा-पंधरा वर्षांत, आणि लेसरमुळे. १९९५ च्या सुमारास मार्क लॅटिना यांनी चाळणीतल्या रंगद्रव्याच्या पेशींवरच काम करणारा सौम्य लेसर पुढे आणला, त्याला एसएलटी म्हणतात. काही मिनिटांचं काम, भूल म्हणजे नुसते थेंब, दुखत जवळजवळ नाही. बरीच वर्षं तो थेंब पुरेनासे झाल्यावरचा उपाय मानला गेला. ब्रिटनमध्ये ७१८ रोग्यांवर उलट करून पाहिलं, आधी लेसर विरुद्ध आधी थेंब. २०१९ चा निकाल: लेसर केलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नव्हती. थेंबांच्या गटात अकरा ट्रॅबेक्युलेक्टॉमी कराव्या लागल्या, लेसरच्या गटात एकही नाही. २०२२ मध्ये तिथल्या अधिकृत मार्गदर्शक सूचनाच बदलल्या.

पण ब्रिटनच्या रोग्याला थेंब मिळतात, आठवणीचं पत्र येतं. खरी कसोटी टांझानियात लागली. किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशी इथल्या रुग्णालयात दाब बराच चढलेल्या २०१ रोग्यांना टिमोलॉलचे थेंब किंवा लेसर अशी चिठ्ठी टाकून विभागणी केली. थेंब संशोधकांनी दिले, म्हणजे पैशाचं कारण उरलं नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वर्षभरानंतर थेंबांच्या गटात ३१ टक्के डोळे आटोक्यात होते, लेसरच्या गटात ६१ टक्के.

भारतात यातलं बरंच काही हाताशी आहे. मोठ्या शहरांत एसएलटी होतो. मदुराईच्याच ऑरोलॅबने २०१३ मध्ये पाणी बाहेर काढणारी नळी परदेशी नळीच्या किमतीच्या छोट्या अंशात बाजारात आणली, त्यामुळे पूर्वी जे रोगी सोडून द्यावे लागत त्यांच्यावरही शस्त्रक्रिया होऊ लागली. आयुष्मान भारतसारख्या योजना रुग्णालयात दाखल झालेल्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च उचलतात. बाह्यरुग्ण विभागात लिहून दिलेल्या, दर महिन्याला विकत घ्यायच्या बाटलीचा उचलत नाहीत.