ईसीजीवरील धोक्याच्या खुणा : पार्श्वभूमी

मुंबईत नोकरीपूर्व तपासणीपासून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपर्यंत अनेक निमित्तांनी ईसीजी काढला जातो आणि यंत्राने छापलेला ‘क्यूटी वाढलेला’ (क्यूटी म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे विद्युत संदेशाने उत्तेजित होऊन पुन्हा पूर्ववत होईपर्यंतचा, आलेखावर मोजलेला काळ) किंवा ‘जादा ठोके’ असा शेरा वाचून घरची मंडळी धास्तावून परळची रुग्णालये गाठतात. अशा शेऱ्यांना किती वजन द्यायचे, हे वैद्यकशास्त्राला बऱ्याच उशिरा आणि काहीशी किंमत मोजून कळले.

लायडनच्या विलेम आइनथोव्हेन यांना ज्या यंत्रासाठी 1924 चे नोबेल मिळाले, ते प्रामुख्याने हृदयात त्या क्षणी चाललेला बिघाड दाखवत असे. ठोके नियमित असतानाचा आलेखही पुढच्या धोक्याची चाहूल देऊ शकतो, हे 1930 साली वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या डॉक्टरांनी 11 रुग्णांच्या वर्णनातून पुढे आणले. 1957 मध्ये नॉर्वेतील येरवेल आणि लांगे-निल्सन यांनी एका कुटुंबातील जन्मतः बहिऱ्या मुलांची नोंद केली. त्यांना वारंवार मूर्च्छा येत असे, काहींचा अचानक मृत्यू झाला होता आणि आलेखातील क्यूटी अंतर लांबलेले होते. पुढे 1966 मध्ये फ्रान्सच्या देसर्टेन यांनी लांबलेल्या क्यूटीशी निगडित, अक्षाभोवती पीळ घेत जाणाऱ्या जलद ठोक्यांचे वर्णन केले.

हे अंतर मोजणे दिसते तितके सोपे नाही. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक लहान चौकोन 40 मिलिसेकंदांचा. आणि नाडी वाढली की क्यूटी आपोआप आखडतो. नाडीचा हा परिणाम वजा करून ‘दुरुस्त क्यूटी’ काढण्यासाठी 1920 पासून बॅझेट यांचे सूत्र वापरले जाते, पण जलद नाडीत ते आकडा फुगवते. दादर स्थानकाचा जिना धावत चढून आलेल्या माणसाचा ईसीजी लगेच काढला, तर यंत्राचा शेरा विनाकारण घाबरवू शकतो. दुरुस्त क्यूटी 500 मिलिसेकंदांपलीकडे गेला, तर मात्र तो गांभीर्यानेच घ्यावा लागतो. काही औषधांनीही तो लांबतो. टर्फेनाडिन हे ॲलर्जीवरील औषध याच कारणाने अमेरिकेच्या बाजारातून गेले.

जादा ठोक्यांची कथा अधिक बोचरी आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर असे ठोके पडणाऱ्यांना अचानक मृत्यूचा धोका अधिक असतो, हे निरीक्षण खरे होते. त्यावरून ठोके दाबले की धोका टळेल, असा निष्कर्ष काढला गेला आणि तशी औषधे सर्रास दिली जाऊ लागली. ‘कास्ट’ या अमेरिकी चाचणीत एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड यांनी ठोके दाबले खरे, पण औषध घेणाऱ्यांतील मृत्यूंचे प्रमाण निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक निघाले, म्हणून 1989 मध्ये चाचणीचा तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. आलेखावरची खूण पुसणे म्हणजे रोग बरा करणे, ही समजूत तेथे कोलमडली. पुढे झटक्यानंतर छातीत डिफिब्रिलेटर (जीवघेणे ठोके ओळखून विजेचा झटका देणारे उपकरण) बसवावा का, हे ठरवताना मुख्य भर हृदयाच्या पंपिंगच्या टक्केवारीवर, म्हणजे बहुधा इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर), आला.

ईसीजीचे महत्त्व मात्र संपले नाही. 1992 मध्ये ब्रुगाडा बंधूंनी आठ रुग्णांच्या आधारे उजवीकडच्या छातीच्या लीडमधील (तेथे चिकटवलेल्या तारेने काढलेल्या आलेखातील) एसटी भाग, म्हणजे ठोक्याच्या मुख्य उंचवट्यानंतरची रेषा, उचललेला नमुना मांडला. त्या रुग्णांचे हृदय रचनेने निर्दोष होते, त्यामुळे इकोत काही सापडण्यासारखे नव्हते. हा नमुना कधी दिसतो, कधी लपतो आणि तापात उघड होऊ शकतो. म्हणून शंका असल्यास लीड एक-दोन फासळ्या वर लावून ईसीजी पुन्हा काढतात.