‘आम्हाला जायचंय’ आणि ‘आम्ही इथंच राहणार’

सप्टेंबर 1989. कम्युनिस्ट पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये निकोलाय चर्चची सोमवारची प्रार्थना संपवून लोक चौकात आले की घोषणा उठायची, ‘आम्हाला जायचंय!’ महिना सरता सरता त्याच चौकात दुसरी घोषणा तिच्यावर चढू लागली, ‘आम्ही इथंच राहणार!’ पश्चिम जर्मनीला जाऊ पाहणाऱ्यांना कसं हाताळायचं हे सरकारला चाळीस वर्षांत पाठ झालं होतं. ही दुसरी घोषणा त्याला जास्त झोंबली असणार.

देश 1949 साली स्थापन झाला, आणि 1961 पर्यंत सुमारे 27 लाख लोक तो सोडून गेले. बर्लिनमध्ये लोकलचं तिकीट काढून शहराच्या पश्चिमेच्या ताब्यातल्या भागात उतरलं की झालं. फक्त हातात मोठी बॅग नको, नाहीतर पोलिस हटकायचे. 13 ऑगस्ट 1961 ला भिंतीचं काम सुरू झालं आणि ही वाट बंद झाली. ‘प्रजासत्ताकातून पलायन’ हा तर तिथं गुन्हाच होता.

भिंतीला दार मात्र होतं, आणि त्याची किल्ली सरकारच्या खिशात. 1963 पासून पश्चिम जर्मनी पैसे मोजून तिथले राजकीय कैदी सोडवून आणू लागली. 1977 नंतर भाव होता माणशी सुमारे 96 हजार पश्चिम जर्मन मार्क. 1989 पर्यंत 33 हजारांवर कैदी असे ‘विकले’ गेले. कार्ल-मार्क्स-श्टाटच्या तुरुंगातून निघणाऱ्या बसला फिरवता येणाऱ्या नंबरप्लेट होत्या. सीमेजवळ आल्यावर पूर्वेचा नंबर आत जायचा, पश्चिमेचा बाहेर यायचा. कामगारांच्या राज्याने केलेला हा व्यापार इतका नीटनेटका होता, की वाचताना अंगावर काटा येतो.

मानवी हक्कांची हमी देणाऱ्या 1975 च्या हेलसिंकी करारावर पूर्व जर्मनीनेही सही केली आणि सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राने तो अख्खा छापला. लोकांनी तो बारकाईने वाचला आणि त्यातल्या कलमांचा हवाला देत देश सोडण्याचे अर्ज भरायला सुरुवात केली. अर्ज केला की अनेकांची नोकरी जायची, आणि मग वर्षानुवर्षं वाट पाहणं.

ज्यांना जायचं नव्हतं त्यांना ढकलून बाहेर काढलं जाई. सरकारवर टीका करणारा गायक-कवी वोल्फ बीरमान मूळचा पश्चिमेतल्या हॅम्बुर्गचा. 1953 साली, सोळा वर्षांचा असताना, बाकीचे पश्चिमेची वाट धरत होते तेव्हा हा उलटा पूर्वेला राहायला आला. नोव्हेंबर 1976 मध्ये तो कोलोनला कार्यक्रमासाठी गेला आणि मागे त्याचं नागरिकत्वच काढून घेतलं. त्याचे स्नेही, रसायनशास्त्रज्ञ रोबेर्ट हावेमान, यांनी निषेध केला आणि त्यांना बर्लिनजवळच्या ग्रुनहाइडे गावात घरातच नजरकैदेत टाकलं. हिटलरच्या काळात हावेमानना फाशीची शिक्षा झाली होती आणि ते ब्रांडनबुर्गच्या ज्या तुरुंगात होते, तिथंच एरिख होनेकरही होते. तेच होनेकर आता राष्ट्रप्रमुख. हावेमान शेवटपर्यंत हलले नाहीत. 1982 साली तिथंच वारले.

अशाने जाणारे आणि राहणारे यांच्यात तेढ वाढली. इथंच राहून देश सुधारू पाहणाऱ्यांना वाटे, हे जाणारे लोक व्हिसा लवकर मिळावा म्हणून आपल्या मोर्चात घुसतात. जानेवारी 1988 मध्ये समाजवादी नेत्या रोझा लक्झेम्बुर्ग यांच्या स्मृतिमोर्चात नेमकं हेच झालं. अर्जदारही उतरले, धरपकड झाली, आणि पकडलेल्या कार्यकर्त्यांपुढे दोन पर्याय ठेवले गेले: दीर्घ तुरुंगवास किंवा पश्चिमेचा रस्ता. चित्रकार बेर्बेल बोले इंग्लंडला गेल्या, पण पूर्वेचा पासपोर्ट सोडला नाही. सहा महिन्यांनी त्या चक्क परत आल्या. मला या साऱ्या इतिहासात हा परतीचा प्रवास सर्वांत धाडसाचा वाटतो.

मग 1989. सप्टेंबरच्या 9 तारखेला हावेमान यांच्या त्याच घरात बोले आणि इतरांनी ‘नवा मंच’ ही सुधारणा मागणाऱ्या नागरिकांची संघटना स्थापन केली. दोनच दिवसांनी, पूर्व जर्मनांना जिथं जाता येई त्या हंगेरीने ऑस्ट्रियाकडची सीमा त्यांच्यासाठी उघडली आणि हजारो लोक त्या वाटेने निघाले. चेकोस्लोव्हाकियाची राजधानी प्रागमधल्या पश्चिम जर्मन वकिलातीच्या बागेत चिखलात तंबू ठोकून हजारो जण बसले होते. 30 सप्टेंबरच्या रात्री पश्चिम जर्मनीचे परराष्ट्रमंत्री गेन्शर सज्जात येऊन त्यांना पश्चिमेला जाता येणार असल्याचं सांगू लागले आणि जल्लोषात त्यांचं वाक्य अर्ध्यावरच बुडालं. अशा लोकांसाठी अश्रू ढाळू नका, असं पक्षाच्या मुखपत्राने छापलं. पण अश्रू ढाळणारे होतेच: कुणाचा मुलगा गेला होता, कुणाचा दवाखान्यातला डॉक्टर. आजवर गप्प बसलेले त्या रागाने रस्त्यावर आले. 9 ऑक्टोबरला लाइपझिगमध्ये सुमारे 70 हजार लोक जमले आणि तैनात पोलिसांनी हात उचलला नाही. महिन्याभरात भिंत उघडली. गेलेल्यांनी राहिलेल्यांचा आवाज कमी केला, असं तोवर मानलं जाई. त्या शरद ऋतूत तो त्यांनीच वाढवला.

18 मार्च 1990 च्या पहिल्या खुल्या निवडणुकीत ‘नवा मंच’ ज्या आघाडीत होता तिला 2.9 टक्के मतं पडली. तोवर रस्त्यावर वेगळीच घोषणा घुमत होती: पश्चिमेचा मार्क इकडे आला तर आम्ही राहू, नाही आला तर आम्हीच त्याच्याकडे जाऊ.