फिनेलचं पाणी दुधी का व्हायला हवं

इंदूरच्या पुष्कळ घरांत फरशी बोरिंगच्या पाण्याने पुसतात आणि काळ्या फिनेलची तक्रार तिथेच सुरू होते: पाणी दुधाळ होण्याऐवजी वर काळपट थेंब तरंगतात. याचं कारण फिनेलच्या जन्मातच आहे.

कोळशापासून गॅस काढताना उरणाऱ्या कोलटारमधून (डांबरासारख्या काळ्या द्रवातून) जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे यांनी 1834 मध्ये कार्बोलिक आम्ल, म्हणजेच फिनॉल, वेगळं केलं. इंग्लंडमधल्या कार्लाइल शहराच्या सांडपाण्याची घाण त्याने शमते हे कळल्यावर ग्लासगोचे शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी 1865 मध्ये हाड मोडून उघडी पडलेली जखम कार्बोलिकने बांधली. ती न चिघळता भरली. पुढे शस्त्रक्रियेच्या हत्यारांना वीस भागांत एक भाग कार्बोलिक, हातांना चाळीसात एक असं द्रावण रूढ झालं. हातांची कातडी मात्र सोलायची.

काळ्या फिनेलमध्ये मुख्यतः क्रेसॉल (फिनॉलच्याच जातीचं रसायन) आणि कोलटारची तेलं असतात. क्रेसॉल फिनॉलपेक्षा जास्त जंतुनाशक, पण पाण्यात जेमतेम दोन टक्के विरघळतं. त्यात साबण मिसळून ते पाण्यात बारीक कणांनी पसरवायची युक्ती 1877 च्या इंग्लंडमधल्या जॉन जेझ यांच्या पेटंटपासून गाजली. दुधी रंग त्या कणांचाच. बोरिंगच्या जड, क्षारयुक्त पाण्यातलं कॅल्शियम साबणाला फोडतं, तेल वेगळं होतं. मग कुठे जंतू तसेच राहतात, तर कुठे कातडी भाजते. म्हणून नर्मदेचं नळाचं पाणी घ्यावं. दहा लिटर पाणी आधी बादलीत, त्यात ढवळत शंभर मिलिलिटर फिनेल. डब्यावर वेगळं प्रमाण असेल तर तेच पाळावं.

वासावर विसंबू नये, हे प्लेगने शिकवलं. 1896 च्या मुंबईत गटारं कार्बोलिकने धुतली, तरी साथ हटली नाही. 1898 मध्ये फ्रेंच डॉक्टर सिमों यांनी रोग पसरवणाऱ्या उंदरांवरच्या पिसवांकडे बोट दाखवलं. पुढे 1917 मध्ये, प्लेगच्याच काळात, इंदुरात स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी औषध शिंपडण्यापेक्षा घाण उपसण्यावर भर दिला: दिवाळीची मिरवणूक ज्या भागात सफाई चांगली तिथूनच जाणार, असं जाहीर केलं. आम्हाला हा उपाय फार मोलाचा वाटतो. मळ, शेण, रक्त यांत फिनेलचा जोर खर्ची पडतो, म्हणून आधी झाडून-धुऊन घ्यावं, मग फिनेल.

ब्लीचिंग पावडर त्यात मिसळू नये. क्लोरीन फिनॉलशी जुळून उग्र वासाची संयुगं बनतात. मांजर असलेल्या घरात फरशी वाळेपर्यंत ते बाहेर ठेवावं. त्याच्या यकृताला फिनॉल पचवता येत नाही आणि पंजे चाटून ते पोटात जातं.