टार्टनची नोंदणी: पात्रता, कागदपत्रं आणि धाग्यांचा हिशेब

स्कॉटलंडच्या चौकडीच्या कापडाची, म्हणजे टार्टनची, सरकारी नोंदवही आहे: ‘स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स’. २००८च्या कायद्याने तिची तरतूद झाली आणि फेब्रुवारी २००९मध्ये ती सुरू झाली. कारभार ‘नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड’कडे आहे. अर्जदार स्कॉटिशच हवा अशी अट नाही. व्यक्ती, कंपनी, संस्था, तिकडचं एखादं मराठी मंडळ, कुणीही ऑनलाइन अर्ज करू शकतं. शुल्क ७० पौंड आहे. भरण्याआधी आजचा दर बघून घ्या.

नक्षी विणता येण्याजोगी हवी. दोन किंवा अधिक रंगांच्या पट्ट्या उभ्या-आडव्या एकमेकींना छेदून पुन्हापुन्हा येणारी चौकड तयार झाली पाहिजे. बोधचिन्ह, फूल किंवा एका रंगातून दुसऱ्यात विरघळत जाणारी छटा यात बसत नाही.

अर्जात लागतं ते असं: अर्जदाराचं नाव-पत्ता, टार्टनचं प्रस्तावित नाव, त्या नावाशी तुमचा संबंध, रंग आणि छटा, धाग्यांची गणती (कोणत्या रंगाचे किती धागे, कोणत्या क्रमाने) आणि नक्षीचं चित्र. विणलेला नमुना ऐच्छिक आहे. डिझाइन दुसऱ्याने केलं असेल तर त्याची लेखी परवानगी आधीच घेऊन ठेवा.

खरी कसोटी गणतीत लागते. समजा, तुम्ही लिहिलंत: निळा/४८, पिवळा ४, निळा ६, काळा २०, हिरवा/३२. (अर्जात रंगांसाठी रोमन अक्षरं येतात. काळ्याचं ‘के’, कारण ‘बी’ निळ्याने घेतलंय.) तिरकी रेघ असलेल्या पहिल्या आणि शेवटच्या पट्ट्या वळणाच्या. तिथे पोचलं की क्रम उलटा फिरतो. त्यामुळे मधल्या पट्ट्या दोनदा येतात आणि वळणाच्या एकदाच: ३० दुणे ६०, अधिक ४८ आणि ३२, एकूण १४० धागे. इंचाला ५० धाग्यांचं कापड धरलं तर अख्खी नक्षी २.८ इंचांत संपते. टायला ती चालेल, पण किल्टला (स्कॉटिश पुरुषांच्या चुणीदार घागऱ्याला) साधारण ५-६ इंचांची नक्षी शोभते, म्हणून सगळे आकडे दुप्पट करावे लागतील. वळणाच्या पट्टीचा आकडा पूर्ण आहे की निम्मा, हा घोळ नेहमी होतो. निम्मा समजून विणलं तर तीच पट्टी दुप्पट रुंद येते. क्रम उलटा न फिरता तसाच पुढे जाणार असेल, तर तेही स्पष्ट लिहा.

आकडे सम ठेवा. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यांची पेटी मागाच्या एकाच बाजूला असेल तर धोटा जाऊन परत यावाच लागतो. विषम धागा तिथे अडतो.

रंगांचा मोह आवरा. ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) एकाच क्रमाचे असल्याने जिथे दोन रंग छेदतात तिथे मिश्र छटा तयार होते. ३ रंगांतून कापडावर ६ छटा दिसतात, ४ मधून १०, तर ६ मधून २१. पडद्यावर झकास दिसणारी सहा रंगांची नक्षी कापडावर गढूळ होते ती यामुळेच.

नुसती छटा बदलून नवं टार्टन होत नाही. गडद ‘मॉडर्न’, फिकट ‘एन्शन्ट’ आणि मळकट ‘वेदर्ड’ या रंगाईच्या पद्धती, नक्षी तीच. अर्ज भरण्यापूर्वी नोंदवहीत नाव आणि रंग दोन्हींनी शोध घ्या, तो विनामूल्य आहे. पट्ट्यांचा क्रम आणि प्रमाण आधीच्या एखाद्याशी फार जुळत असेल तर अडचण येणारच.

नावावरूनही अर्ज रखडतात. क्लॅनच्या, म्हणजे स्कॉटिश कुळाच्या, नावाला क्लॅनप्रमुखाची संमती लागते. कंपनी किंवा मंडळाच्या नावाने अर्ज असेल तर अधिकृत पदाधिकाऱ्याचं लेटरहेडवरचं पत्र जोडा. ‘मी सभासद आहे’ एवढ्यावर भागत नाही. नुसतं ‘जोशी’ असं नाव मागितलंत तर ते जगातल्या यच्चयावत जोश्यांच्या वतीने मागितल्यासारखं होतं. स्वतःपुरतं हवं असेल तर नावापुढे ‘पर्सनल’ असा उल्लेख करून घ्या.

मंजुरीनंतर क्रमांक आणि प्रमाणपत्र मिळतं. मात्र या नोंदीने कॉपीराइट मिळत नाही. विणण्यावर निर्बंध हवा असेल तर तसा शेरा अर्जात लिहिता येतो, पण कुणी नक्कल केली तर नोंदवही तुमच्या वतीने भांडायला येणार नाही. कापड विणून घ्यायचं तर गिरणीही तुम्हालाच गाठावी लागेल. तिला चित्र नव्हे, नोंदवलेली गणती पाठवा आणि पूर्ण ताका सांगण्याआधी हातभर नमुना मागवा.