अँड्रॉइड की आयफोन: नागपूरच्या निवडीमागची सतरा वर्षं

२२ ऑगस्ट २००८ ला आयफोन भारतात विकायला आला, तेव्हा ८ जीबीच्या फोनची किंमत होती ३१,००० रुपये. अमेरिकेत तोच फोन १९९ डॉलरला मिळत होता, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण साडेआठ हजारांना. तिकडे उरलेले पैसे मोबाईल कंपनी भरायची आणि दोन वर्षांच्या करारात दरमहा बिलातून काढून घ्यायची. आपल्याकडे बहुतेक सगळे प्रीपेडवाले. दहाचं नाहीतर पन्नासचं रिचार्ज मारायचं, संपलं की पुन्हा मारायचं. करारच नाही, तर कंपनी पैसे कशाच्या भरवशावर भरणार? त्यामुळे आपल्या माणसाला अख्खी रक्कम एकरकमी मोजावी लागली.

आज धरमपेठेतल्या चहाच्या टपरीवर अँड्रॉइड की आयफोन हा वाद निघाला की पोरं कॅमेऱ्यावर आणि बॅटरीवर बोलतात. आपली आवड आपणच ठरवली, असं प्रत्येकाला वाटतं. मला तसं वाटत नाही. नागपूरच्या घराघरांतली ही निवड ३१,००० च्या त्या आकड्याने सुरू झाली आणि पुढे दोन सिम, एक चिप आणि मराठी अक्षरांनी ती पक्की केली.

त्याआधी अर्थातच नोकिया होता. नोकियाच्या महागड्या फोनांत फोन चालवणारी सिम्बियन नावाची प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) असायची, पण तिचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असायची गरजही नव्हती. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने सिम्बियन सोडून मायक्रोसॉफ्टच्या विंडोजचा हात धरला आणि काही वर्षांतच सगळा डोलारा बसला. ब्लॅकबेरीचंही तेच झालं. मैदानात दोघंच उरले.

त्यातलं अँड्रॉइड मुळात फोनसाठी नव्हतंच. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत अँडी रुबिन आणि त्यांच्या सोबत्यांनी ही कंपनी काढली ती डिजिटल कॅमेऱ्यांसाठी प्रणाली करायची म्हणून. २००५ मध्ये गूगलने ती विकत घेतली आणि नोव्हेंबर २००७ मध्ये फोन बनवणाऱ्या कंपन्यांची आघाडी उभी केली. खरी मेख पुढे होती. अँड्रॉइडचा कोड खुला होता, वापरायला कोणालाही पैसे द्यावे लागत नव्हते. गूगलची कमाई शोध आणि जाहिरातींची, त्यामुळे जितके जास्त फोन तितका गूगलचा फायदा. तिकडे तैवानच्या मीडियाटेकने प्रोसेसरसोबत फोनचा जवळजवळ तयार आराखडाच द्यायला सुरुवात केली. प्रणाली फुकट, आराखडा तयार. मायक्रोमॅक्स, कार्बन, लावा अशी नावं दुकानांच्या पाट्यांवर झळकली ती त्यामुळे. २०१२ चा मायक्रोमॅक्स कॅनव्हास २ आठवतो? पाच इंची पडदा, दोन सिम आणि किंमत ९,९९९.

दोन सिमचं महत्त्व मुंबईच्या माणसापेक्षा नागपूरच्या माणसाला लवकर कळतं. सावनेरच्या पुढे थोडं गेलं की मध्य प्रदेश लागतो आणि मोबाईलचं सर्कल, म्हणजे सेवेचा विभाग, बदलतं. इतवारीतल्या व्यापाऱ्याचं अर्धं गिऱ्हाईक छिंदवाडा, सिवनी, बालाघाटचं. तेव्हा रोमिंगमध्ये आलेल्या फोनचेही पैसे कटायचे, म्हणून एक नंबर इकडचा आणि एक तिकडचा ठेवणं हा धंद्याचा हिशेब होता. आयफोनमध्ये दुसऱ्या नंबरची सोय आली २०१८ मध्ये. तोवर या लोकांचा आयफोनशी संबंधच आला नाही. त्यांना तो आवडला नाही असं नव्हे, तो त्यांच्या कामाचाच नव्हता.

आणि चिप. मेमरी कार्डाला आपल्याकडे कोणी मेमरी कार्ड म्हणालं नाही. बर्डीला मोदी नंबरच्या गल्ल्यांत मोबाईलच्या दुकानात कोपऱ्यात एक कॉम्प्युटर असायचा. पोरगा फोनची मागची झाकणी नखाने उचकटायचा, बॅटरी काढायचा, नखाएवढी चिप रीडरमध्ये घालायचा आणि विचारायचा, "काय भरू भाऊ?" पडद्यावर फोल्डर ओळीने मांडलेले: नवे, जुने, गजानन महाराज, लग्नाचे, भीमगीते. दीक्षाभूमीच्या सोहळ्याच्या आधी तर भीमगीतांसाठी रांग लागायची. थोड्याशा पैशांत चिप गच्च भरून मिळायची आणि मग ती गाणी ब्लूटूथने गल्लीभर फिरायची. आयफोनला चिपची जागाच नव्हती, गाणी कॉम्प्युटरवरच्या आयट्यून्समधून घालावी लागत आणि ब्लूटूथवरून दुसऱ्याच्या फोनला गाणं पाठवता येत नसे. ज्या शहरात घरी इंटरनेट असणं ही चैन होती, तिथे हा फरक फार मोठा होता. मित्रांच्या घोळक्यात गाणं देता-घेता येत नाही असा फोन कोण घेणार?

आता अक्षरांचं. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांवर मराठी दिसायची नाही. मराठी बातमी उघडली की ओळीच्या ओळी चौकोन. त्यावर आम्ही एक युक्ती करायचो. ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्ये पत्त्याच्या जागी 'ऑपेरा:कॉन्फिग' असं इंग्रजीत टाकायचं, खाली जाऊन अवघड लिपीसाठी चित्ररूप अक्षरांचा पर्याय 'यस' करायचा आणि पान पुन्हा उघडायचं. चौकोन जाऊन अक्षरं यायची, जरा भुरकट, पण आपली. माझ्या पहिल्या फोनवर पहिल्यांदा नीट 'नागपूर' उमटलेलं पाहिलं तेव्हा मी तो शेजारच्या काकांना दाखवायला धावलो होतो.

२०११ च्या अखेरीस आलेल्या अँड्रॉइड ४ पासून ही कसरत थांबली, कारण देवनागरी फोनमध्येच आली. २०१४ मध्ये अँड्रॉइड ५ आलं आणि फोनची अख्खी भाषाच मराठी करता येऊ लागली. 'सेटिंग्ज', 'विमान मोड', सगळं देवनागरीत. त्याच वर्षी आयफोनलाही मराठी कीबोर्ड मिळाला, पण बाकीचा फोन मराठीत आला नाही. त्यासाठी आयफोनच्या प्रणालीच्या मार्च २०२५ मधल्या आवृत्तीची, आयओएस १८.४ ची, वाट पाहावी लागली. तेव्हा मराठीसह दहा भाषा एकदम आल्या. दोन्हींत दहा वर्षांहून अधिक अंतर पडलं. याच काळात, २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं आणि आपल्या आया, मावश्या, गावाकडचे काका पहिल्यांदा स्मार्टफोनवर आले. २०१७ मध्ये गूगलने मराठीत बोलून टाइप करायची सोय दिली, तेव्हा ज्यांना कीबोर्डवर जोडाक्षर सापडत नव्हतं तेही लांबलचक निरोप पाठवू लागले.

आमच्या घरचंच सांगतो. २०२१ च्या दिवाळीत पुण्याच्या भावाने नवा फोन घेतला आणि आपला आधीचा आयफोन आईला दिला. फोन चांगलाच होता. आईने चार दिवस वापरला आणि म्हणाली, "हे सगळं काहून इंग्रजीत आहे रे? इंग्रजी येतं मला, शाळेत शिकवलं आहे. पण सकाळचा गजर लावायला इंग्रजी कशाला?" वर दुसरी अडचण. तेव्हा अँड्रॉइडवरचं व्हॉट्सॲपचं जुनं बोलणं आयफोनवर नेता येत नसे, ती सोय २०२२ मध्ये आली. बाबांच्या तपासण्यांचे कागद आई फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवत असे आणि डॉक्टरांनी विचारलं की तिथूनच शोधून काढत असे. ते सगळं मागे राहणार म्हटल्यावर तिने पाचव्या दिवशी सिम काढून जुन्या फोनमध्ये घातलं.

अमेरिकेत संदेशाचे निळे-हिरवे बुडबुडे (आयफोनवरून आयफोनला पाठवलेला संदेश निळा, अँड्रॉइडला पाठवलेला हिरवा) मुलांना आयफोनकडे ओढतात असं वाचायला मिळतं. आपल्याकडे सगळे व्हॉट्सॲपवर, तिथे कोणाचा फोन कोणता हे दिसतच नाही. त्यामुळे ती ओढ इथे लागू पडत नाही. इथली ओढ वेगळी. बिनव्याजी हप्ते आले, ३१,००० ची ती भिंत महिन्याच्या हप्त्यांत फुटली आणि आता कॉलेजची पोरं आयफोनकडे वळली आहेत. विकताना चांगला भाव येतो, व्हिडिओ नीट निघतो, वर्षानुवर्षं अपडेट मिळत राहतात, ही त्यांची कारणं खरी आहेत. स्वस्त अँड्रॉइड फोनला एखाद-दुसरं मोठं अपडेट देऊन कंपन्यांनी गिऱ्हाईक वाऱ्यावर सोडलं, यात त्या कंपन्यांचाच दोष आहे, आणि तो फार वर्षं चालू दिला गेला. गूगलने २०२३ मध्ये आणि सॅमसंगने २०२४ मध्ये सात वर्षांच्या अपडेटचा शब्द दिला, तोही महागड्या फोनांपुरता. तरी आजही देशातल्या शंभरातल्या नव्वदहून अधिक स्मार्टफोनांवर अँड्रॉइडच आहे.

घराघरांत फोन खाली उतरत येतो हेही विसरू नये. मुलाचा आईकडे, आईचा आजीकडे, आणि फोनसोबत प्रणालीही उतरते. आज हप्त्यावर घेतलेला आयफोन तीन-चार वर्षांनी कोणाच्या तरी आईच्या हातात जाणार आहे, आणि या वेळी तो मराठीत असेल.

गेल्या दिवाळीत भाऊ आला तेव्हा त्याने आपला आयफोन मराठी करून आईला दाखवला. तिने चष्मा लावून एकेक ओळ वाचली, "आता कसं नीट झालं," म्हणाली. मग फोन त्याला परत दिला, आपल्या फोनचा माइक दाबला आणि चिवड्यात मीठ किती घालायचं ते मावशीला सांगू लागली.